हल

गावाचं नाव हल.
आईनं फोनवर दोनदा विचारलं,
‘हल? म्हणजे कुणी बाजूला सर म्हटल्यासारखं?’
आम्ही हसलो.
फोन ठेवल्यावर वृषाली म्हणाली, तसंच तर झालं.
मिरजेत तिला, इचलकरंजीत मला
कुणीतरी हल म्हणालं
आणि आपण हललो.

इथं टेलिफोनची खोकी लाल नाहीत,
सायीच्या रंगाची आहेत.
हे मी सगळ्यांना सांगतो.
या शहराबद्दल ऐटीत सांगण्यासारखं
मला अजून दुसरं काही ठाऊक नाही.

आठव्या मजल्यावरचे म्हातारे तिला ‘लव्ह’ म्हणतात.
पाणी दे लव्ह, उशी सरकव लव्ह.
नऊ वर्षांच्या संसारात
हा शब्द आम्ही एकमेकांना लावलेला नाही.
आम्ही विचारतो, जेवलीस? जेवलास?

मी कारखान्यात कॅरॅव्हॅन बांधतो,
चाकं लावलेली घरं.
समुद्राकाठी नेऊन उभी करतात ती
आणि मग ती जन्मात कुठं जात नाहीत.
पहिल्या दिवशी फोरमन काही बोलला, मी ‘येस’ म्हणालो.
तीन दिवस येस म्हणालो.
चौथ्या दिवशी कळलं,
तो चहात साखर किती विचारत होता.
तिकडं मी डोळे मिटून, आवाजावरून सांगायचो
कोणत्या मागाचा धोटा अडकतोय.
इथं सगळे स्क्रू एकाच आवाजात आत जातात.

विजेच्या मीटरला किल्ली असते.
ती दुकानातून भरून आणायची,
पूर्वी रॉकेलचा कॅन आणायचो तशी.
हीटर लावला की आम्ही दोघं
मीटरकडं बघत बसतो, टीव्हीकडं बघावं तसं.

कचऱ्याचे डबे तीन. निळा, तपकिरी, काळा.
कोणता कधी, याचा कागद आलेला, तो हरवला.
शेजारच्या डोरीनबाई कोणता काढतात
ते पडद्याआडून बघून आम्ही तोच काढायचो.
एकदा त्यांचंच चुकलं.
गाडी आली, दोन्ही घरांसमोरून तशीच गेली.
त्या दिवशी त्या पहिल्यांदा कुंपणापाशी आल्या
आणि मनापासून शिव्या घालू लागल्या,
गाडीला, नगरपालिकेला, हवेला.
मला सगळं समजलं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी तिची रात्रपाळी होती.
रात्री दोन वाजले की इथं परत एक वाजतो.
मोबाइलनं आपलं आपण उरकून घेतलं,
भिंतीवरचं घड्याळ मात्र पुढंच चालत राहिलं.
मी जागा होतो.
कालपर्यंत घर साडेचार तासांवर होतं,
आता साडेपाच.
कुणी काही न करता, कुणी न विचारता
ते तासभर आणखी मागं सरकलं.

ती सकाळी आली.
बूट काढता काढता म्हणाली,
एक आजोबा गेले. एक चाळीसला.
मग बराच वेळ नाडीची गाठ सुटेना.
म्हणाली, पहिल्या एक चाळीसला गेले
की दुसऱ्या, हे लिहायला
फॉर्मवर जागाच नव्हती रे.
मी तिथंच होते. हात धरून होते.
तरी मला विचारलं तर
मी छातीठोक नाही सांगू शकणार.

मी चहा टाकायला उठत होतो.
नको, म्हणाली.
जेवलास का रात्री, म्हणाली.
खोटं बोललो.
स्वेटरसकट पलंगाशी आली,
‘हल की जरा.’
मी हललो. माझ्या अंगाची ऊब लागलेली
तेवढी जागा तिला दिली,
आणि भिंतीकडच्या गार गादीवर,
ओलीचा वास येतो त्या कडेला, पडून राहिलो.

ती झोपली की नाही कळलं नाही.
बाहेर कुणीतरी डबा ओढत नेत होतं,
उद्याचा डबा, आजच.
एक चाक जरा घासत होतं.
तपकिरी, मी डोळे मिटूनच ओळखला.
डोरीनबाईंचा.